उस्तादांच्या मशीनचा खांब

आमच्या टॉवेलच्या कारखान्यात बिरुदेव कोकरे फिटर आहे. मूळचा सांगोल्याकडचा, मेंढपाळाच्या घरातला. मी तिथेच हिशेब विभागात. निवृत्ती जवळ आली आहे. इतक्या वर्षांत बिरुदेवसारखा बोलणारा माणूस मी पाहिला नाही. चहाच्या सुट्टीत तोच सगळ्यांना हसवायचा. गेल्या खंडेनवमीपासून मात्र तो गप्प झाला. का झाला, ते माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

बिरुदेव काम शिकला तो भवानी पेठेत, संगप्पा उस्तादांकडे. उस्ताद मागांचे सुटे भाग दुरुस्त करून द्यायचे. त्यांच्या भाड्याच्या दुकानात एक जुनं ड्रिल मशीन होतं. ओतीव लोखंडाचं, जमिनीवर उभं राहणारं, माणसाहून उंच. वर मोटर आणि पट्ट्याच्या पुल्या, मध्ये खांबावर सरकणारं टेबल. खंडेनवमीला उस्तादांच्या पत्नी ईरम्मा काकू खाली बसून त्या खांबाच्या बुडाशी हळद-कुंकू वाहायच्या. वर्षानुवर्षं वाहिलेल्या हळद-कुंकवाचा तिथे थर बसला होता. मशीन पुसताना तेवढी जागा सोडायची, असा दुकानाचा नियमच होता. बिरुदेवनेही तो पाळला होता.

उस्ताद वारले. दुकानाची जागा सोडावी लागली. काकू अक्कलकोटला लेकीकडे राहायला निघाल्या. भंगारवाले घिरट्या घालत होते, पण काकूंनी मशीन बिरुदेवला दिलं. म्हणाल्या, "खंडेनवमीला मी येणार बघ. पूजा माझ्या हातची."

घरामागच्या पत्र्याच्या खोलीत बिरुदेवने मशीनसाठी जागा केली. तीन फेजची मोटर काढून घरच्या विजेवर चालणारी बसवली. टेबलाचा जाम झालेला स्क्रू सोडवला. सगळं जमलं, आणि उभं करताना वरची पुली पत्र्याच्या अँगलला अडली. मशीन दीड वीत जास्त उंच भरलं.

पत्रा उचलायचा तर भिंत वाढवणं आलं, गवंडी आला, शेजाऱ्याची मनधरणी आली. बिरुदेवची बायको मायाक्का म्हणाली, "सणाच्या तोंडावर घर उघडं टाकता व्हय?" खांब कापणं हे एका दुपारचं काम. मशीनच्या पायातून उपसायचा, खालून कापायचा, परत बसवायचा. खुणेची रेघ ओढायला लोखंड स्वच्छ लागतं. बिरुदेवने बुडाचा तो थर रॉकेलच्या बोळ्याने पुसून काढला आणि करवत लावली.

कापलेला तुकडा त्याने टाकला नाही. फिटर माणूस लोखंड टाकत नाही. न्हाणीचं दार वाऱ्याने आपटायचं, म्हणून मायाक्काने तो दाराला लावला.

खंडेनवमीला कारखान्यातली पूजा आटोपून मी नारळ घेऊन त्याच्या घरी गेलो. मागोमाग काकू आल्या. उन्हातून आलेल्या, आधी पाय धुवायला न्हाणीत गेल्या. तेव्हा कुठे बिरुदेवच्या लक्षात आलं. तो मायाक्काला खुणा करू लागला, पण उशीर झाला होता. काकू ओल्या पायांनी दारातच उभ्या राहिल्या.

"बिरू, दाराला काय लावलायस रे?"

"कटपीस हाय, काकू."

"कशाचा?"

बिरुदेव माझ्याकडे बघायला लागला. मी नारळाची शेंडी सोलत राहिलो.

"उंची बसंना झाली की," मायाक्का म्हणाली. "ह्येंनी तरी काय करावं?"

काकू मशीनच्या खोलीत गेल्या. सवयीने खाली बसल्या, ताट ठेवलं आणि खांबाच्या बुडाला हात लावला. बोटांना ताजं ग्रीस लागलं. ते त्यांनी पदराला पुसलं.

"आमच्या मालकांनी ह्या मशीनसाठी दुकानातला माळा पाडला होता. घरमालकाच्या शिव्या खाल्ल्या. तू पत्र्यासाठी मशीन कापलास."

"काकू, चालतंय मात्र लई झकास..."

"चालतंय की. लंगडा माणूस पण चालतोय."

त्यांनी पूजा केली, पण उभ्याने, मोटरला कुंकू लावून. पेढा हातात घेतला, तोंडात घातला नाही. निघताना म्हणाल्या, "पुढच्या वर्षी तुमचं तुम्ही करून घ्या."

बिरुदेव त्यांना बससाठी सात रस्त्याच्या चौकापर्यंत गाडीवर सोडून आला. दुसऱ्या दिवशी त्याने मला एवढंच सांगितलं, "साहेब, रस्त्यानं काकूंनी माझ्या खांद्याला हात लावला न्हाय. मागचा कॅरियर धरून बसल्या हुत्या."

दिवाळीनंतर त्याने पत्रा उचलला. शेजारी भांडला, ते त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं. कारखान्यात पोरं म्हणाली, "मामा, आता घर कापायला काढलं की काय?" एरवी त्याने पोरांना पळता भुई थोडी केली असती. तो नुसता पाना पुसत राहिला. न्हाणीतला तुकडा त्याने गंज काढून खांबाला जोडला. खांबाच्या पोकळीत भरीव सळई घट्ट बसवली, आडवे बोल्ट मारले. मशीन पूर्वीइतकं उंच झालं, पण जोडाची रेघ राहिली. मी म्हणालो, "पुट्टी भरून रंग मार. कुणाला कळायचंही नाही."

"कळू दे की," तो म्हणाला.

यंदा नवरात्र बसलं तसा तो माझ्या टेबलाशी आला. त्याचा नंबर बघून काकू फोन उचलणार नाहीत अशी त्याला भीती होती. मी माझ्या फोनवरून नंबर लावून स्पीकरवर दिला.

"कोण?"

"मी... बिरू." "काकू, मशीन हुतं तेवढं उंच केलंय. पत्रा उचलला."

"जोड दिसतोय काय?"

"दिसतोय."

पलीकडे कुकरची शिट्टी वाजली. मग काकू म्हणाल्या, "पूजेला लिंबं आणून ठेव. गेल्या खेपेला एकच होतं."

फोन ठेवल्यावरही बिरुदेव तिथेच उभा होता. मी म्हणालो, "अरे, येतायत ना! मग?"

त्याची मान काही वर झाली नाही.

"त्या खाली बसून वाकल्या, साहेब," तो म्हणाला, "की ती रेघ बरोब्बर डोळ्यांम्होरं येती."