आपल्याच बिल्डिंगची तक्रार करणारा माणूस

ज्यांनी प्रल्हादभाऊंना सोसायटीच्या ग्रुपमधून काढलं, त्यांनी त्याच ग्रुपवर त्यांच्या फोटोखाली हात जोडू नयेत.

परवा सकाळी भाऊ गेले. चहा पिता पिता.
सुमनवहिनी कप विसळून बाहेर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

जळगावबाहेरच्या माझ्या मैत्रिणींसाठी सांगते. भाऊ माझ्या वरच्या मजल्यावर राहायचे. मूळचे धुळ्याकडचे. सगळी नोकरी भुसावळजवळच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये.

अलार्म वाजतोय आणि माणूस बसून आहे, हे त्यांना सहनच व्हायचं नाही.

रिटायर झाल्यावर लोक देवाच्या मागे लागतात. भाऊ आयपी अॅड्रेसच्या मागे लागले.

इंटरनेटच्या प्रत्येक कनेक्शनला एक नंबर असतो. काही नंबर दिवसरात्र दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरची कुलपं हलवून बघत असतात. भाऊंनी एक जुना कॉम्प्युटर मुद्दाम आमिष म्हणून लावून ठेवला होता. कुलूप हलवणारा नंबर कोणत्या कंपनीचा ते शोधायचं, त्या कंपनीला मेल टाकायचा, आणि जगभरचे असेच उद्योगी लोक मिळून जी जाहीर यादी चालवतात तिच्यात तो नंबर टाकायचा. म्हणजे बाकीचे सावध होतात.

पगार नाही. बहुतेक मेलना उत्तर नाही.
गर्व मात्र भरपूर. जिन्यात गाठून ऐकवायचे.

"आक्का, आज एक व्हिएतनामवाला धरला."
"त्याला कळलं का, धरलं ते?"
"त्याले नही कळनं. त्याना कंपनीले कळनं."

तेव्हा सगळ्यांना कौतुक. गणपतीत शाल दिली. चेअरमन माइकवर म्हणाले, "आपले भाऊ चायनाशी लढतात."

मग एक दिवस भाऊंनी त्या यादीत आपल्याच बिल्डिंगचा नंबर शोधून पाहिला. आमच्याकडे सगळ्या फ्लॅटना मिळून एकच कनेक्शन आहे.

नंबर सापडला. कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी नोंदवलेला. एकाने खाली लिहिलं होतं, तुम्ही ज्याचं कुलूप हलवताय तो आमच्या दवाखान्याचा कॉम्प्युटर आहे, कृपा करून थांबवा.

भाऊंनी ते मला वाचून दाखवलं. त्या दिवशी गर्व नव्हता.

गुन्हेगार निघाला पार्किंगमधला, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा. विकत आणला तेव्हाचा पासवर्ड, १२३४५६, कोणी बदललाच नव्हता. बाहेरचं कोणीतरी आत शिरलं आणि आमच्या डब्याला दुसऱ्यांची कुलपं हलवायला जुंपलं.

भाऊ चेअरमनकडे कितीदा तरी गेले. एकदा मी बरोबर होते.

"कॅमेरे दिसतात ना भाऊ? मग झालं."
"दिसतस हो. पण तो डबा लोकेसना घर फोडस."
"कुठल्या लोकांची? परदेशातल्याच ना? आपल्या कोणाचं काही गेलं का?"

भाऊ माझ्याकडे वळले. "आक्का, आपला घरनं कुत्रं लोकेसले चावस. ते बांधानं नही का?"

चेअरमन हसले. मी नाही हसले.

शेवटी भाऊंनी आपल्याच इंटरनेट कंपनीला मेल टाकला. कंपनीने तो वाचला हेच नवल. कनेक्शन बंद केलं.

नेमका त्या दिवशी चेअरमनच्या मुलीचा साखरपुडा होता. कॅनडातल्या मामाला लाइव्ह दाखवायचा होता. मामाला फक्त गोल फिरणारं चक्र दिसलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या माणसाने डबा साफ केला, पासवर्ड बदलला, नेट आलं.
भाऊ मात्र घरभेदी ठरले. "आपल्याच माणसांची चहाडी करतो."

मी भुसावळच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले. आमच्या सिस्टर सांगायच्या, स्वतःची कातडी वाचवण्यासाठी नाव सांगितलं तर ती चहाडी. दुसऱ्याची वाचवण्यासाठी सांगितलं तर ती तक्रार. आम्हाला हे चौथीत कळलं होतं. आमच्या कमिटीत तीन इंजिनिअर आहेत.

ग्रुपमधून काढलं. हिवाळ्यात मागच्या प्लॉटवर भरीत पार्टी झाली, त्यांना बोलावलं नाही. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजत होती आणि धूर सरळ त्यांच्या गॅलरीत.

मी खाली गेले आणि ताटं वाढून घ्यायला लागले.
चेअरमनच्या मिसेस म्हणाल्या, "आक्का, पार्सल नाही हं."
म्हटलं, "पार्सल नाही. आमची पंगत वर बसली आहे."

वर भाऊंनी भाकरी मोडली आणि तशीच हातात धरून बसले.
"आक्का, मी चुकनू का?"
"नाही. भरीत गार होतंय."

वीज केंद्राचा एकही अलार्म ज्याने कधी कानाआड केला नाही, त्या माणसाला हे विचारावं लागलं. तुमच्यामुळे, सोसायटीवाल्यांनो.

आता कालचं ऐका.

काल संध्याकाळी नेट पुन्हा गेलं. ग्रुपवर श्रद्धांजलीच्या फुलांखाली मेसेज आला, "नेट कोणाकोणाचं गेलंय?"
त्याखाली दुसरा. "आता कोणी तक्रार केली?"

मी कंपनीला फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमच्या नंबरबद्दल बाहेरून पुन्हा तक्रारी आल्या आहेत."

पुन्हा कशा? चेअरमनना केळीच्या बागेत बसून मोबाइलवर कॅमेरे बघायचे असतात. नवा पासवर्ड त्यांच्या लक्षात राहीना. म्हणून कॅमेरेवाल्याकडून परत १२३४५६ करून घेतला. त्यांनीच सांगितलं मला, अगदी सहज.

तर तक्रार कोणी केली?
ज्यांनी केली त्यांना जळगाव कुठे आहे हेही माहीत नाही. असतील कोणी भाऊंसारखेच रिकामटेकडे म्हातारे, आपापल्या खुर्चीत बसून लोकांचे दवाखाने सांभाळणारे. त्यांना कोणत्या ग्रुपमधून काढणार आहात?

रविवारी हॉलमध्ये शोकसभा आहे. चेअरमन बोलणार आहेत म्हणे.
बोलण्याआधी त्यांनी पार्किंगमध्ये यावं आणि पासवर्ड बदलावा. मी शेजारी उभी राहीन.
मग सुमनवहिनींसमोर एवढंच म्हणावं, की भाऊंची तक्रार खरी होती.
हे जमणार नसेल तर हार आणू नका.

प्रल्हादभाऊ, आपल्या बिल्डिंगचा नंबर अजून त्या यादीत आहे. तो निघेपर्यंत मी इथे कोणाला स्वस्थ बसू देणार नाही.
तुम्ही निवांत जा.