आईची शपथ

विचुंब्यातल्या आमच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघराला एकच दार, आणि खिडकीला लोखंडी जाळी. धाकट्या भावाने गोळ्या बंद केल्या की त्याला आवाज ऐकू येतात, मग तो तिथे कोंडून घेतो. त्या दिवशी सकाळपासून आतून भांडी आपटत होता. आपटू दे ना! भांडी आमची, कान आमचे. पण सोसायटीच्या सेक्रेटरींना कोण सांगणार? त्यांनी परस्पर पोलिसांना फोन केला, वेडा चाकू घेऊन बसलाय म्हणून. चाकू कुठून काढला देव जाणे.

एक वयस्कर हवालदार आले, सोबत तरणा शिपाई, काठी घट्ट धरून, कपाळावर घाम. स्वयंपाकघराबाहेरच्या बोळकांडीत आई, मी आणि ते दोघे. मागे जिन्यात अख्खी सोसायटी. मला ना पुढे जाता येईना, ना मागे.

"दुपारपर्यंत शांत होईल तो. तुम्ही खाली थांबा ना," मी म्हटलं.

"असं सोडून जाता येत नाय, ताई," हवालदार म्हणाले. "तुमी बोलवा त्याला बाहेर. कोनी हात लावनार नाय."

मी दाराला तोंड लावून तेच सांगितलं. आतून तो म्हणाला, "आईची शपथ घे."

खोटी शपथ घेतली तर आई मरते, हे आम्ही दोघं लहानपणापासून धरून चाललेलो. हसा हवं तर. मी आईकडे पाहिलं. तिने माझा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "घे गं लवकर."

"आईची शपथ. कोणी मारणार नाही तुला."

कडी निघाली. तो बाहेर आला तेव्हा हातात सांडशी होती, चहा करत असावा बिचारा. "हातात काहीतरी आहे!" जिन्यातून कोणीतरी ओरडलं, आणि शिपायाची काठी चालली. मनगटावर, मग पाठीवर, तो पडल्यावरसुद्धा. हवालदार "थांब रे, थांब" करत राहिले. मला मध्ये पडायलाही जागा नव्हती. तो ओरडला नाही, नुसता माझ्याकडे बघत होता.

मनगट मोडलं. नंतर पोलीस म्हणाले, गैरसमज झाला. गैरसमज म्हणे! डोंबल तुमचं!

दवाखान्यातून तो घरी आलाय, गोळ्या घेतो. माराबद्दल चकार शब्द काढत नाही. पण आईला बाजारात जाऊ देत नाही, रिक्षात बसू देत नाही. ती दुपारी आडवी झाली की जवळ बसून तिच्या नाकापुढे बोट धरतो. आईही त्याच्यासाठी घरातच बसून राहते, आणि मला त्या दोघांना सोडून कुठे जाववत नाही. शंभरदा सांगितलं, अरे, शपथ त्यांनी मोडली, मी नाही. ऐकेल तर शपथ!

परवा आई आंघोळीला गेलेली बघून प्लास्टरचा हात सांभाळत माझ्याजवळ आला. म्हणाला, "ताई, ती शपथ बदल ना. आईच्या जागी माझं नाव घाल."