पहाऱ्याची गाय

मामाला मी अजून पुरतं माफ केलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. तरीही पुढे कुठे मी त्याची बाजू घेतलीच, तर ती मनापासून घेतली आहे असं समजा.

मामा पशुवैद्यकीय खात्यात नोकरीला होता आणि त्याचं काम एकच, एका गाईला सांभाळणं. त्या गाईला लस टोचायची नाही, गोठ्याला जाळी लावायची नाही, अंगावर बसलेली चिलटं उडवायची नाहीत. दर पंधरवड्याला डॉक्टरीणबाई येऊन तिच्या मानेतून नळीभर रक्त काढून न्यायच्या. चिलटं चावून जनावरांना होणारा एक नवा ताप पलीकडच्या मुलखात पसरला होता. तो इकडे आलाच तर सगळ्यांत आधी या गाईच्या रक्तात दिसावा, आणि गोदामात तयार ठेवलेली लस दोन दिवसांत आसपासच्या सगळ्या जनावरांना टोचून व्हावी, अशी ती योजना होती. थोडक्यात, सगळ्यांच्या आधी आजारी पडणं हीच तिची नोकरी. खात्याच्या कागदांवर ती 'पहाऱ्याची गाय' होती. मामा तिला बाईसाहेब म्हणायचा.

बाईसाहेबांनी आज चारा नाकारला, बाईसाहेबांना आज माझा सदरा चाटावासा वाटला. जेवायला बसला की याच्या तोंडी दुसरा विषय नसायचा. मामाने लग्न केलं नव्हतं. आई म्हणायची, याला बायको नकोच होती, वरिष्ठ हवे होते, ते मिळाले.

आईच्या स्वतःच्या अकरा गाई होत्या, मामाच्या गोठ्यापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर, ओढ्याकाठी. त्यांच्या दुधावर तिने मला शिकवलं. रिपोर्ट आला की मामा चालत येऊन दारातूनच सांगायचा, "साफ." आईला तेवढा एक शब्द पुरायचा. पुढचे पंधरा दिवस ती निर्धास्त असायची.

त्या वर्षी ओल हटता हटेना. ओढ्यावर चिलटांचे थवे उठायचे. मामाच्या कपड्यांना तेव्हा धुराचा वास येऊ लागला होता. आईने त्याची चेष्टाही केली, की म्हातारपणी का होईना, चूल पेटवायला शिकलास. मामा हसला नाही. आमच्याही ते लक्षात आलं नाही.

मग आमची एक गाय लाळ गाळू लागली. डॉक्टरीणबाईंना बोलावू या, मी म्हटलं. आईने मला उडवून लावलं. तुझ्या मामाचा रिपोर्ट परवाच साफ आलाय, काहीतरी काटेरी खाल्लं असेल, म्हणाली. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी तीन गाई उठल्याच नाहीत.

दोन आठवड्यांत नऊ गेल्या. शेताच्या टोकाला यंत्राने खड्डा खणावा लागला. आई पहाटे सवयीने उठायची, बादली उचलायची, दारापर्यंत जायची आणि बादली परत जागेवर ठेवायची. तिचं ते पाठमोरं उभं राहणं मला अजून आठवतं, आणि आठवलं की मामाचा राग येतो.

नववी गाय पुरली त्या दिवशी मामा आला. आत आला नाही.

"ताई, मी रोज संध्याकाळी गोठ्यात धूर करत होतो," तो म्हणाला. "तिचे डोळे सुजले होते. खांबाला घासून घासून मान सोलवटली होती. मला बघवेना."

आईला ते समजायला जरा वेळ लागला.

"म्हणजे पहाऱ्यावर कोणी नव्हतंच," ती म्हणाली, आणि तिने दार लावून घेतलं. आपटलं नाही, नुसतं लावलं.

मामाने डॉक्टरीणबाईंनाही सगळं सांगितलं. नोकरी टिकली, कारण ते काम करायला दुसरं कोणी तयार नव्हतं. पंचक्रोशीतल्या सगळ्या जनावरांना लस टोचली गेली, एका बाईसाहेबांना सोडून. रोग अजून हवेत आहे की गेला, हे कळायला त्यांचंच रक्त हवं होतं. मामाने राख लांब नेऊन टाकली आणि पुन्हा धूर केला नाही. एकोणिसाव्या दिवशी तिला ताप भरला. तो मोजला मामाने, नळीवर तारीख लिहिली तीही मामानेच. ती गेल्याचं मी घरी येऊन सांगितलं तेव्हा आईने एवढंच विचारलं, किती दिवस काढले तिने? पाच, मी म्हटलं.

वर्षभर आई त्याच्याशी बोलली नाही. खात्याने नवी गाय पाठवल्याचं तिच्या कानावर होतं. पुन्हा ओलीचे दिवस आले, आणि एका दुपारी ती चपला घालून मला म्हणाली, "चल."

आम्ही पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. मामा नव्या गाईशेजारी जमिनीवर बसला होता, बाह्या खांद्यापर्यंत दुमडून, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. चिलटं गाईवर होती तशीच त्याच्यावरही होती. त्याची मान चावून चावून लाल झाली होती. हात का दाबून धरलेत, हे विचारावं लागलं नाही.

आई थोडा वेळ उभी राहिली. मग त्याच्याजवळ बसली आणि त्याच्या मानेवरची चिलटं उडवू लागली. मामा रडत होता. तेवढ्यात गाईच्या पापणीवर चिलटं येऊन बसली. आईचा हात तिथवर गेला, थांबला, आणि परत मामाच्या मानेवर आला.