लाल रेघांची घंटी

“थांब, वाळू दे.” हवेत ब्रश धरून ती म्हणायची आणि तांब्याच्या पाटीवर हळूच फुंकर घालायची.

गल्लीत सगळे तिला मावशी म्हणत. चिकलठाण्याच्या कारखान्यात ती रात्रपाळीला सर्किटांचं सोल्डरिंग करायची आणि दिवसा झोपायची. दुष्काळाची वर्षं होती. शहर चारी अंगांनी वाढत होतं, नव्या इमारती उठत होत्या, आमच्या नळाचा मात्र नेम नव्हता. पाणी यायचं ते भरदुपारी, मावशीच्या गाढ झोपेत. त्या धांदलीत कोण कुणाला उठवणार? ती जागी व्हायची तेव्हा हंडा कोरडाच.

म्हणून तिनं ठरवलं, नळाच्या तोंडात दोन तारा सोडायच्या. पाणी टेकलं की उशाशी घंटी वाजेल. सर्किट तिनं तांब्याच्या पाटीवर पेनानं काढलं, पण तांबं खाणाऱ्या तपकिरी औषधात रेघाच विरघळल्या.

मी तिच्या शेजारीच राहायचे आणि तेव्हा चळवळीची पत्रकं वाटत फिरायचे. नटण्यामुरडण्याविरुद्धही एक लिहिलं होतं.

“तू नेलपॉलिश लावत नाय ना?” तिनं विचारलं.

“नाही. तत्त्व आहे.”

“मंग बाटली भरलेलीच आसंल. आण इकडं.”

कुणीतरी भेट दिलेली बाटली खरंच भरलेली होती.

तिनं रांगोळीसारखे आधी ठिपके दिले, मग जोडले. लाल रेघेखालचं तांबं वाचणार, बाकीचं औषध खाणार. मी म्हणाले, “पाणी मागायला मोर्चा काढू, मावशी!”

“काढू की. थांब, वाळू दे.”

“सगळं गाव वाळलंय!”

“व्हय, ह्येच तेवढं वाळंना.”

मग आइस्क्रीमच्या डब्यातल्या औषधात पाटी पाळण्यासारखी हलत राहिली. उन्हाची तिरीप डब्यात झुलत होती आणि आम्ही दोघी गुंगून बघत होतो. बाहेर काढताच पाटी धुवायला हवी, नाहीतर औषध रेघाही खाईल. घरात एकच तांब्या पाणी होतं, प्यायचं.

“मावशी, तेवढंच आहे!”

“पाणी कळायला पाणी लागतंच, पोरी.” तिनं तो ओतला.

सोल्डरिंगसाठी तिनं फक्त ठिपके खरवडले. रेघा लालच ठेवल्या.

दोन दिवस ती माझ्याकडचं पाणी प्यायली. तिसऱ्या दुपारी घंटी वाजली. मी धावले तर ती विस्कटल्या केसांनी नळाखाली हंडा धरून उभी होती, अर्धवट झोपेत, हसत.

कारखान्यातलं काम सुटलं तशी ती अजिंठ्याकडं भावाच्या गावी गेली. घंटी मला देऊन गेली. मोर्चे मी अजून काढते. पण भरदुपारी ती वाजली की हंडा उचलायच्या आधी माझे पाय मावशीच्या बंद दाराकडं वळतात. तिला उठवायला.