लायसन्ससाठी बी.ए.

"चावी आन. तू जरा आराम कर."

सुट्टीवर आला की माझा मित्र दारातूनच हात पुढे करायचा. गाडी माझी, पेट्रोल माझं, आणि आराम करायचा मी! भुईगावच्या अरुंद गल्ल्यांतून तो गाडी काढायचा आणि मागे बसलेली माझी बायको चक्क डुलकी घ्यायची. मी चालवताना तिने कधी डोळे मिटलेत? मिटलेत, पण भीतीने.

पूर्वी सातिवलीच्या एका कारखान्यात मी हिशेब बघायचो, तो टेम्पो चालवायचा. असे लोक तुम्हीही पाहिले असतील, स्टिअरिंगवर दोन बोटं ठेवून गप्पा मारणारे. मला त्याचा भयंकर हेवा वाटे. पुढे तो स्टोअरकीपरच्या व्हिसावर आखातात गेला आणि तिथे त्याला गाडीला हात लावता येत नाही असं कळलं, तेव्हा मला वाईट वाटलं आणि थोडं बरंही वाटलं.

त्या देशाचा नियमच तसा होता. ड्रायव्हर म्हणून गेलेल्यांची गोष्ट वेगळी. बाकी परदेशी कामगाराला लायसन्स हवं, तर तो तिथे काही वर्षं राहिलेला हवा, पगार ठरलेल्या आकड्याच्या वर हवा, शिवाय पदवी हवी. पहिल्या दोन गोष्टी जमल्या होत्या. पण हा बारावीनंतर थेट टेम्पोवर चढलेला.

"तुजी बी.कॉम. नुसती पडून हाय ना घरात? मला दे," तो एकदा म्हणाला. "तिकडं मी बाजूला बसतो, नि गाडी कोन चालवतो? ज्याला धड रिव्हर्स घेता येत नाय तो!"

आपलाही कुणाला हेवा वाटतो, हे मला त्या दिवशी कळलं. फार छान वाटलं. पण ते सुख टिकलं नाही, कारण त्याने मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलं.

परीक्षा मे महिन्यात. म्हणून नाताळची सुट्टी सोडून तो मेमध्ये येऊ लागला. त्याची बायको चिडायची, "नाताळला घरात नवरा नाय, नि परीक्षेला बरोबर हजर!" घरी गोंगाट, म्हणून अभ्यासाला आमच्याकडे यायचा. माझी बायको त्याला चहा नेऊन द्यायची आणि मुलीला सांगायची, "बघ, काका या वयात कसे बसतात." मी बी.कॉम. करत होतो तेव्हा मला कुणी पाणी विचारलं नव्हतं.

राज्यशास्त्राच्या पेपरानंतर मी विचारलं, "काय लिहिलंस?"

"आठवलं तेवढं लिवलं. बाकी अक्षर चांगलं काढलं."

तरी पास! शेवटच्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा तो तिकडे होता. मीच इथे बघून फोनवर सांगितलं. तो हळूच म्हणाला, "परत बघ. नाव माजंच हाय ना?"

लायसन्स मिळालं त्या संध्याकाळी त्याचा व्हिडिओ कॉल आला. समुद्राकाठी गाडी उभी करून तो स्टिअरिंगमागे बसला होता. "दिवसभर मीच चालवली रे," म्हणाला आणि रडायला लागला. मीही रडलो.

पुढे त्याला तिथेच चांगलं काम मिळालं. बायकोलाही घेऊन गेला. आता त्यांचा नाताळ तिकडेच होतो आणि भुईगावच्या घराला कुलूप आहे.

मित्राचं भलं झालं, मला आनंदच आहे. पण एखाद्या पेपरात नापास झाला असता, तर या मेमध्येही आला असता, हे काही माझ्या मनातून जात नाही.