झाकलेल्या भांड्यांची जेवणं

तुमसरात नवीन आलेला माणूस पहिले काही दिवस नाकाला रुमाल लावून फिरतो. उसन्या, म्हणजे उकड्या, तांदळासाठी गिरण्यांमध्ये धान उकडतात, त्याचा आंबूस वास गावावर कायम असतो. मी अड्याळहून लग्न होऊन इथं आले तेव्हा सासूबाईंना विचारलं होतं, की शेजारी काही कुजलंय का. त्या इतक्या हसल्या की गल्लीभर सांगत सुटल्या. पुढं तो वास असा अंगवळणी पडला की माहेरी गेले की रात्री झोप लागेना. आता गिरण्या तशाच चालू आहेत, मला मात्र तो वास येत नाही. कोणताच येत नाही.

माझ्या नाकाची कीर्ती लहानपणापासूनची. भुलाबाईच्या दिवसांत आम्ही मुली घरोघर गाणी म्हणत फिरायचो. गाणी संपली की त्या घरची खिरापत यायची, पण डब्यात, झाकण लावून. डबा हलवायचा, आवाज ऐकायचा आणि आत काय आहे ते ओळखायचं. नाहीच ओळखता आलं तर ‘हरलो’ म्हणायचं, मगच झाकण निघायचं. मला डबा हलवायची गरजच पडत नसे. तो ओसरीवर आला की मी सांगून मोकळी: शेंगदाण्याचे लाडू, आणि गूळ जुना आहे. घरच्या बाईचं तोंड पाहण्यासारखं व्हायचं. शेवटी मुलींनी ठराव केला की हिनं नाक दाबूनच खेळायचं.

शिक्षण माझं बेताचं, नोकरी कधी केली नाही, मूलबाळ झालं नाही. चारचौघांत मला जी काय किंमत होती ती हाताच्या चवीची, आणि हाताची चव म्हणजे खरं तर नाकाचीच करामत. भाजीला मीठ कमी आहे हे मला चाखण्याआधी कळायचं. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. गेलेल्या वस्तूची बढाई काय मारायची!

गोंदिया वेगळा जिल्हा झाला आणि आम्हा पाच मैत्रिणींतल्या एकीच्या नवऱ्याची बदली तिकडं झाली. तिला निरोप द्यायला मी सगळ्यांना जेवायला बोलावलं, आणि गंमत म्हणून खिरापतीचा खेळ त्या जेवणात आणला. सगळी भांडी झाकून ठेवली. जेवणाला एक विषय ठरवला, तो मात्र सांगितला नाही. त्यांनी खाऊन ओळखायचा. तो दिवस असा रंगला की जाणारी रडायची विसरली. मग आम्ही उरलेल्या चौघींनी तो पायंडाच पाडला.

एकदा तळ्याचं जेवण केलं: उकडलेले शिंगाडे, कमळाच्या देठांची भाजी, सुक्या झिंग्यांची चटणी, जे जे पाण्यातून निघतं ते. एकदा अवेळी पाव्हणे आल्याचं जेवण केलं, म्हणजे घरात भाजी नाही, दूध नाही असं धरून जे काय जमेल ते. एकदा बाळंतिणीचं. आणि एकदा पांढरं जेवण: तांदळाची भाकर, मुळ्याची कोशिंबीर, ओल्या खोबऱ्याची चटणी, दहीभात, खीर. त्या दिवशी चादरही पांढरी आणि आम्हीही पांढऱ्या साड्यांत. आमचे हे दारात येऊन म्हणाले, “का वं, कोणाच्या घरी मयत झाली का?” यांचं साड्यांचं दुकान. जेवणाच्या दिवशी दुपारी घरी येऊ नका असं मी बजावलेलं असे, तरी डोकावायचेच. “आज कोणतं नाटक हाय?” हा त्यांचा ठरलेला प्रश्न.

नियम दोनच होते. पहिला, विषय ओळखता आला नाही तर सरळ ‘हरलो’ म्हणायचं. दुसरा, जे बिघडलं असेल ते तोंडावर सांगायचं. तोंडदेखलं वा वा करणारीला पुढच्या वेळी बोलावणं नाही. आणि त्या सांगायच्याही. मैत्रिणींत एक शाळेतली मास्तरीण होती, ती तर वही तपासावी तशी भाजी तपासायची. दुसरी ब्यूटी पार्लर चालवायची, तिला तिखट चालत नसे आणि ती ते बोंबलून सांगे. तिसरी आंधळगावच्या विणकराच्या घरची लेक, आमच्याच गल्लीत दिलेली. तिला आम्ही आंधळगाववालीच म्हणायचो. बोलायला कमी, खायला नेमस्त. तिला एकच वावडं होतं, वेलचीचं. वास आला की डोकं धरून बसायची. तिच्या घरच्या गोडात जायफळ, आणि माझ्या घरी तिची वाटी वेलची घालण्याआधी वेगळी काढून ठेवलेली.

मग करोना आला. गल्लीत बऱ्याच घरांत झाला, आमच्याही घरात झाला. त्यातून आम्ही दोघंही उठलो, ही देवाची कृपाच म्हणायची. यांची चव पंधरवड्यात परत आली. माझी आली नाही. गोड आणि खारट तेवढं जिभेला पुसट कळे, बाकी सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं. उदबत्ती नाकाला लावून पाहिली, कांदा फोडून पाहिला, हिंगाच्या डबीत नाक खुपसलं. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. पुढच्या खेपेला म्हणाले, काहींचं उशिरा येतं. त्याच्या पुढच्या खेपेला त्यांनी यांच्याकडं पाहून सांगितलं, “आता सवय करून घ्यायला हवी.” नाक माझं, आणि सांगणं यांना!

मैत्रिणींना मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, अगं, तुझ्या हातालाच सवय आहे, तू डोळे मिटून रांधशील. मलाही ते खरं वाटलं. माणसाला आशा वाटायला फार काही लागत नाही.

पुन्हा बोलावलं तेव्हा विषय धरला नुसतं धान. पोहे, मुरमुरे, तांदळाची धिरडी आणि तांदळाचे वडे. वडे जवसाच्या तेलात तळले, पूर्वी तळायचे तसे. त्या आल्या, विषय लगेच ओळखला, पोटभर जेवल्या. मास्तरीण म्हणाली, “वडे तं एकदम पयल्यासारखे झाले.” मला रडू आलं. त्या गेल्यावर घर आवरता आवरता मी गाणं गुणगुणत होते, हे मला चांगलं आठवतं.

संध्याकाळी हे दुकानातून आले, ताटलीतला एक वडा तोंडात टाकला आणि मोरीशी जाऊन थुंकले. “अवं, खवट हाय हे! जवसाचं तेल कवाचं काढलं तू?”

तेल जुनं होतं. पिपा बंद होता तसाच उघडला होता, आणि मला काय कळणार? पण त्या तिघींना कळलं होतं. तिघींनी ते वडे खाल्ले, मागून घेतले, आणि मला पहिल्यासारखे म्हणून सांगितलं. यांनी थुंकलेलं मला बरं वाटलं, इतका मला त्या तिघींचा राग आला. लोक म्हणतील, त्यांचा जीव होता म्हणून बोलल्या नाहीत. असेल. पण लहान मुलानं मातीचा लाडू दिला की आपण खाल्ल्यासारखं करतो, तसं मला करून टाकलं होतं त्यांनी. माझ्या घरी, माझ्या ताटावर.

मी काही बोलले नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, पण माझा स्वभाव तसा नाही. थोडे दिवस गेले आणि मी पुन्हा पांढरं जेवण ठरवलं. पांढऱ्यात साखर आणि मीठ दिसायला सारखंच. खिरीत साखर घातलीच नाही. मीठ घातलं, चांगलं हात सैल सोडून.

त्या पांढऱ्या साड्या नेसून आल्या, गजरे माळून. भाकर झाली, भात झाला. मी खिरीच्या वाट्या पुढं ठेवल्या आणि समोर बसून एकेकीचं तोंड पाहत राहिले. मास्तरणीनं पहिला घोट घेतला, तिचा गळा हलला, आणि ती म्हणाली, “मस्त आटली हाय.” पार्लरवाली पाण्याचा पेला हातातून सोडत नव्हती, पण वाटी तिनं संपवली. मी मनात म्हणत होते, सांगा, अजून सांगा. एकीनं जरी तोंड वाकडं केलं असतं ना, मी सगळं सोडून दिलं असतं. त्या दोघी हात धुवायला उठू लागल्या, तेवढ्यात आंधळगाववालीनं रिकामी वाटी पुढं केली. “मले अजून वाढ.”

मी वाढली. तिनं तीही खाल्ली.

मग मी म्हणाले, “मीठ हाय त्यात. माह्यानं चुकलं नाई, मी जाणूनबुजून टाकलं.”

मास्तरीण उठली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज शाळेतला होता. “आमी का तुह्या परीक्षेले येऊन राहिलो होतो का इथं? तुले वाईट वाटू नये म्हणून जीव मारून खाल्लं, आन् तू आमाले जनावरावानी मीठ चारलं?”

“तुमी खोटं काहून बोलल्या?” मी विचारलं. “नियम माहीत होता नं?”

“नियम!” ती म्हणाली, आणि चपला घालून गेली. तिच्या पाठोपाठ पार्लरवालीही गेली, गजरा तिथंच पडला होता. मास्तरीण त्यानंतर माझ्या घरी आली नाही. बाजारात भेटते, कशी आहेस विचारते, भाव करते आणि पुढं जाते. पार्लरवाली लेकीकडं नागपूरला राहायला गेली. तिचं जाणं आधीच ठरलेलं असेल, पण मला सांगायला ती आली नाही.

आंधळगाववाली त्या दिवशी मागं राहिली होती. भांडी उचलू लागली. मी तिला म्हणाले, “तू तं दुसऱ्यांदा घेतली. काहून?”

“त्या दोघी उठून राहिल्या होत्या,” ती म्हणाली. “मी वाटी पुढं केली म्हणून बसल्या. मले वाटलं, बसून राहिल्या तं होईल अजून एखादं जेवण.”

एवढंच बोलली. उरलेली खीर तिनं मोरीत ओतली आणि पातेलं घासून पालथं घातलं.

त्यानंतर मी कुणाला बोलावलं नाही. पांढरी चादर पेटीत आहे. स्वयंपाक मापानं करते, चमच्यानं मोजून, जसा इस्पितळात करतात. हे मुकाट्यानं जेवतात. सुरुवातीला काही बिघडलं तर थुंकायचे, ओरडायचे. आता तेही करत नाहीत. कधी कधी जेवून उठल्यावर बाहेर जाऊन पान खातात, तेव्हा मला कळतं की आज काहीतरी चुकलं. शेजारची नवी सून मिलच्या वासाला नाक मुरडते तेव्हा तिच्या तोंडात मारावीशी वाटते.

यंदा भुलाबाईच्या दिवसांत आंधळगाववाली डबा घेऊन आली. आता आमच्या गल्लीत भुलाबाई कुणी मांडत नाही, गाणी म्हणायला मुलीही नाहीत. ती ओसरीवर बसली, डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “ओळख.”

मी हलवला. आत काहीतरी जड होतं, कडेला आपटून थांबत होतं. वडी म्हटलं, ती नाही म्हणाली. अनारसे म्हटलं, नाही म्हणाली. करंज्या म्हटलं. डबा अगदी नाकाजवळ धरला, सवयीनं, आणि तिनं मान दुसरीकडं वळवली. जन्मात पहिल्यांदा मी म्हणाले, “हरले.”

रव्याचे लाडू होते. मी एक खाल्ला. दाताखाली रवा कळला, गोड असल्याची जराशी चाहूल लागली, बस्स. ती माझ्याकडं पाहत होती.

“कसा झाला?”

मला नुसतं चांगला म्हणायचं नव्हतं. पूर्वीसारखं, नेमकं काहीतरी सांगायचं होतं. “चांगला झाला वं,” मी म्हणाले. “वेलची तेवढी जराशी जास्त पडली.”

तिच्या हातातला लाडू अर्धा फुटलेला होता. तिनं तो तसाच धरून ठेवला. माझं बोलणं माझ्याच कानांवर उशिरा पोचलं आणि कानशिलं तापली. तिच्या घरात वेलचीची डबीसुद्धा नाही.

“हो वं,” ती म्हणाली. “माह्याही ध्यानात आलं. जराशी जास्तच पडली.”

मी तिच्यावर चिडले नाही. चिडायला जी काय हिंमत लागते ती आता माझ्यात उरलेली नाही. तिनं डबा पुढं सरकवला. मी आणखी एक लाडू उचलला, आणि तोही छान झाला आहे असं तिला सांगितलं.