पिन बसली म्हणून

नोकरीत हाताळलेल्या कित्येक गुन्ह्यांचे तपशील आता पुसट झाले आहेत. कधीकधी आरोपीचा चेहरा आठवतो पण कलम आठवत नाही. लखनौच्या त्या चार हार्ड डिस्कचं प्रकरण मात्र तसंच्या तसं लक्षात आहे.

वडील रेल्वेत इंजिनिअर, म्हणून आम्ही विदर्भातून लखनौला आलो आणि इथलेच झालो. मी उत्तर प्रदेश पोलिसात दरोगा, म्हणजे आपल्याकडचा फौजदार, म्हणून लागलो. दोन हजार दहानंतरच्या त्या काळात इन्स्पेक्टर होतो आणि माझं ठाणं लखनौच्या महानगर नावाच्या वस्तीच्या बाजूला होतं. कॉम्प्युटरच्या गुन्ह्याचा तपास इन्स्पेक्टरनेच करावा असा कायदा होता, आणि आमच्या ठाण्यात कॉम्प्युटर समजणारा एकही माणूस नव्हता. मीसुद्धा त्यातच आलो.

सकाळी मी रोजनाम्यावर सह्या करत होतो. साठीला टेकलेल्या एक बाई आत आल्या. वनस्पतींवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत त्या शास्त्रज्ञ होत्या. हातात संस्थेच्या संचालकांच्या सहीची तक्रार होती. टेबलावरची नावाची पाटी वाचून त्या थबकल्या.

"तुम्ही मराठी?"

"हो. बसा मॅडम."

त्या बसल्या आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "माझी एकोणीस वर्षं कुणीतरी पुसून टाकली हो."

लखनौच्या हवेत वर्षभर कुठल्या झाडांचे परागकण उडतात, हे त्या एकोणीस वर्षं टिपत होत्या. दम्याच्या रुग्णांना त्याचा उपयोग होणार होता. काचपट्टीवर कण पकडायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढायचे, असं काम. सगळे फोटो दोन हार्ड डिस्कवर होते आणि त्यांच्या नकला आणखी दोन डिस्कवर. चार महिन्यांनी त्या निवृत्त होणार होत्या, त्याआधी या सगळ्याचा ग्रंथ करायचा होता. आणि आठ दिवसांत एकामागून एक चारही डिस्क गेल्या. लावली की कॉम्प्युटर सांगे, ही डिस्क वाचता येत नाही, पुसून नव्याने तयार करू का?

"एक गेली असती तर मशीनचा दोष म्हटलं असतं," बाई म्हणाल्या. "पण चारही? नकलासुद्धा?"

मला ते पटलं. चार दारं एकाच आठवड्यात आपोआप मोडत नाहीत, असाच विचार मी केला आणि गुन्हा नोंदवला.

त्यांच्या खोलीत गेलो तेव्हा टेबलावर सात भोकांची एक छोटी काळी पेटी होती. त्या पेटीला हब म्हणतात, हे मला तिथे कळलं. कॉम्प्युटरला बाहेरून जोडायची जागा कमी पडते म्हणून एकाच हबमध्ये चारही डिस्क लावलेल्या होत्या. हबवर हिरवा दिवा जळत होता. मी डिस्क काढल्या, कापडात बांधल्या, लाखेची मोहर केली, पंचांच्या सह्या घेतल्या. हब तिथेच सोडला. माझ्या लेखी ती विजेच्या बोर्डासारखी एक जोडणी होती. बोर्डावर कुणी आरोप ठेवतं का?

तिसऱ्या दिवशी ठाण्यात निनावी फोन आला. बोलणाऱ्याने एवढंच सांगितलं, "पाँच बजे के बाद मैडम के कमरे में कौन जाता है, गेट का रजिस्टर देखिए."

रजिस्टर मागवलं. बाईंचा प्रयोगशाळा सहायक आठवड्यातून चार दिवस पाचनंतर तासभर थांबत होता. पंचेचाळिशीचा, किडकिडीत, कमी बोलणारा माणूस. वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत राहायचा. त्याची बढती त्याच वर्षी हुकली होती, आणि बाईंच्या अहवालात त्याच्याबद्दल दोन ओळी बऱ्या नव्हत्या. हेतू मिळाला, संधी मिळाली. मी त्याला बोलावून घेतलं.

सकाळी दहापासून चारपर्यंत तो माझ्यासमोर होता. मी हात उचलला नाही, पण आवाज चढवला, हे कबूल करतो. आधी तो म्हणाला, पाचनंतर मी खोलीत जातच नाही. रजिस्टर पुढे ठेवल्यावर म्हणाला, जातो.

"झूठ क्यों बोला?"

"मैडम ने मना किया था, साहब. उनके पीछे डिस्क को हाथ नहीं लगाना."

"फिर लगाया क्यों?"

"दिन में कॉपी बीच में रुक जाती थी. डिस्क गायब हो जाती थी. निकालकर फिर लगाता था तो लौट आती थी. सोचा, शाम को पूरा कर दूँ, मैडम परेशान न हों."

"गायब हो जाती थी? अपने आप?"

"जी. टक् की आवाज़ आती थी, फिर गायब."

ठाण्याचा मुन्शी, म्हणजे लेखनिक हवालदार, गालातल्या गालात हसला. त्याने अटकेचा कागद भरून माझ्यासमोर सरकवला, फक्त सही बाकी होती. अटक झाली का, हे विचारायला संस्थेतून दिवसभरात तीन फोन आले होते. सहायकाला त्यांनी आधीच निलंबित केलं होतं.

मी सही केली नाही. त्यात माझं शहाणपण काही नव्हतं. खोटं बोलणारा माणूस समोरच्याला पटेल असं काहीतरी रचतो, आणि याचं उत्तर कुणालाच पटणारं नव्हतं. आधी तज्ज्ञाचा अहवाल येऊ दे म्हटलं आणि त्याला घरी सोडलं.

दुसऱ्या दिवशी डिस्क घेऊन मी सायबर सेलमध्ये गेलो. तिथे तिशीतली एक हेड कॉन्स्टेबल होती, बाराबंकीकडची. तिने मोहरा तपासल्या, जप्तीचा कागद वाचला, आणि पहिलाच प्रश्न विचारला.

"सर, ये लगी किसमें थीं?"

"एक काले डिब्बे में. हब या क्या कहते हैं."

"वो कहाँ है?"

ती मी बाईंच्या खोलीतच सोडली होती. वीस वर्षांच्या नोकरीत जप्तीत काय राहिलं हे मला कुणी असं विचारलं नव्हतं.

त्याच दुपारी आम्ही रीतसर हब आणि त्याचा अॅडॅप्टर जप्त करून आणला. तिने दोन्ही उलटे केले आणि भिंगातून खालची बारीक अक्षरं वाचली. मग मला वाचायला लावली. हबला चार अँपिअरची वीज लागत होती. अॅडॅप्टर देत होता एक.

"हरी बत्ती तो जल रही थी," मी म्हणालो.

"बत्ती को कितना चाहिए, सर? बत्ती तो जल जाएगी. डिस्क घूम भी जाएगी. पर चारों एक साथ लिखने लगीं तो साँस फूल जाएगी."

तिने चार कोऱ्या डिस्क त्याच हबला, त्याच अॅडॅप्टरवर लावल्या आणि चारही डिस्कवर एकदम फोटो उतरवायला सुरुवात केली. बाई आणि सहायक यांनाही बोलावलं होतं; आम्ही तिघं तिच्या टेबलाभोवती उभे होतो. काही मिनिटं सगळं ठीक चाललं. मग स्पष्ट ऐकू आलं, टक्. पडद्यावरून एक डिस्क नाहीशी झाली. थोड्या वेळाने दुसरी टक्, दुसरी नाहीशी. कुणी हात लावला नव्हता. सहायक पुटपुटला, "यही तो, साहब. यही."

मग तिने योग्य ताकदीचा अॅडॅप्टर लावला. तोच हब, त्याच डिस्क दोन दिवस सलग चालल्या. एकदाही टक् झालं नाही.

"ये अॅडॅप्टर किसने लगाया?" तिने विचारलं.

सहायकाने लगेच सांगितलं, "मैंने. पुराना जल गया था. दराज़ में ये पड़ा था, पिन बैठ गई तो लगा दिया."

तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. खणात पडला होता, पिन बसली म्हणून लावला, एवढाच गुन्हा. डिस्क लिहिता लिहिता बंद पडत होत्या, आणि कुठला फोटो कुठे ठेवलाय याची यादी अर्धवट राहून बिघडत होती. मूळ आणि नकला एकाच हबवर, एकाच वेळी जोडलेल्या होत्या, म्हणून दोन्ही गेल्या. शेवटी बाई म्हणाल्या, "नकल केली म्हणजे जपलं, असं वाटत होतं मला."

आणि निनावी फोन? त्या माणसाने जे पाहिलं ते खरंच होतं. त्याने लावलेला अर्थ चुकला, आणि मी तो अर्थही पुरावा म्हणून घेतला.

"यादी बिगड़ी है, फोटो नहीं," हेड कॉन्स्टेबल म्हणाली. मूळ डिस्कला धक्का न लावता तिने आधी प्रत्येकीची जशीच्या तशी प्रत काढली आणि त्या प्रतीतून एकेक फोटो शोधायला लागली. नऊ दिवसांनी तिचा निरोप आला, या.

मोठ्या पडद्यावर पहिला फोटो उघडला. मला वाटलं होतं, पिवळी धूळ असेल काहीतरी. समोर एक गोल होता, सगळीकडून काटे उगवलेला, एकेक काटा कोरून काढल्यासारखा. दुसऱ्यात चेंडूसारखे तुकडे एकमेकांना शिवलेले. तिसऱ्यात गुळगुळीत लंबगोल. नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या धुळीत इतकी कारागिरी? याच शहराच्या हवेत मी चाळीस वर्षं श्वास घेत होतो. मी तोंडात बोट घालायचंच बाकी होतं.

फोटो परत आले होते, पण नावं गेली होती. प्रत्येकावर नुसते आकडे. बाई खुर्चीत टेकल्या. "एवढ्या हजारो फोटोंना पुन्हा नावं द्यायची म्हणजे..."

मागे उभा असलेला सहायक दोन पावलं पुढे आला. पडद्याकडे बघत हळू आवाजात बोलू लागला.

"ये गुड़हल है, मैडम. ये बबूल. ये अरंडी." जास्वंद, बाभूळ, एरंड, मला कळत गेलं. पुढचा फोटो आला. "चिलबिल. ये फरवरी वाली स्लाइड है, छत पर जो पकड़ी थी."

बाईंनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "आपल्याकडचा वावळ," त्या मला म्हणाल्या. "बरोबर सांगतोय हो तो. सगळं बरोबर."

तो थांबला नाही. ओळखीच्या माणसांचे चेहरे ओळखावेत तसा एकेक कण ओळखत गेला. एकोणीस वर्षं गच्चीवर चढून काचपट्ट्या लावायच्या, काढायच्या, रंग द्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या, हे सगळं काम त्याचं होतं. हेड कॉन्स्टेबल बोटं चालवत नावं टाइप करत होती. मी एका बाजूला उभा होतो, टोपी हातात घेऊन.

गुन्हा घडलेलाच नाही, असा अंतिम अहवाल मी कोर्टात पाठवला. निलंबन उठलं. दीड वर्षाने बाईंचा ग्रंथ निघाला तेव्हा मुखपृष्ठावर दोन नावं होती.

तपासाबद्दल तरुण अधिकारी विचारतात तेव्हा मी त्यांना हब आणि अॅडॅप्टरची गोष्ट सांगतो. जोडणारी वस्तूसुद्धा जप्त करा, दिव्यावर विश्वास ठेवू नका, नकल वेगळ्या जागी ठेवा. स्वतःला मात्र वेगळंच सांगत असतो. त्या दिवशी सहा तास मी त्या माणसाला प्रश्न विचारले. कुठे होतास, कधी गेलास, बढती का हुकली, मॅडमवर राग आहे का. तू तिथे काम काय करतोस, हे मी एकदाही विचारलं नाही.